पाण्याचा सातबारा

दर वर्षी १ जून उजाडला की वेसावे, मढ, मार्वे, मनोरी आणि गोराई येथील यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे एकसष्ट दिवस, त्यांना समुद्रात मासेमारी करण्यास मनाई असते. हा नियम कोळीवाड्यात कोणाला वाचून दाखवावा लागत नाही. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही रीत शासनाच्या बंदीहून कितीतरी जुनी आहे. दर्या खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचाही तोच काळ असतो, याचे भान परंपरेने आधी ठेवले, कायद्याने नंतर. जो नियम समाजाच्या अंगवळणी पडलेला असतो त्याला सूचनाफलक लागत नाही.

परंतु गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पाण्याभोवती नियमांचे जे रान माजले आहे, ते कोणाच्याही स्मृतीत मावणारे नाही. १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आला. पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्यालगतचा मासा खरवडून नेला जातो, या पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारीवरून डॉ. सोमवंशी समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवर आधारलेला आदेश ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निघाला. त्यानुसार पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा राहिली. २०२१ मध्ये मूळ अधिनियमात सुधारणा होऊन दंड लाखांच्या घरात गेले. २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने बारा सागरी मैलांपलीकडच्या अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. या प्रत्येक टप्प्यामागचा हेतू बहुतांशी योग्यच होता. प्रश्न एवढाच आहे की, हे सारे एका जागी, मराठीत, आजच्या तारखेला लागू असलेल्या स्वरूपात वाचायचे झाले तर सामान्य माणसाने कोठे जावे?

हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. २०२१ च्या सुधारणेने मासेमारी-गुन्ह्यांच्या प्रकरणांत निवाडा देण्याचे अधिकार तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे दिले. १९८१ चा मूळ मजकूर हाती असणारा मच्छीमार आपले म्हणणे मांडण्यासाठी तहसील कचेरीची पायरी चढेल आणि तेथून हात हलवीत परत येईल. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, असे न्यायशास्त्र सांगते. ते मान्यच करायला हवे. मात्र ज्याने कायदा केला त्याने तो सापडेल अशा जागी ठेवावा, हीसुद्धा त्याच तत्त्वाची दुसरी बाजू आहे आणि तिचा उच्चार फारसा होत नाही.

किमान आकारमानाचा नियम तर थेट मध्यमवर्गीय घरापर्यंत पोहोचणारा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटाला राज्य माशाचा मान देण्यात आला. त्याच सुमारास ठरलेल्या निकषांनुसार हे पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडता येत नाही. बोंबलासाठी ही मर्यादा १८० मिलिमीटर आहे, सुरमईसाठी ३७०. एकदाही अंडी न घातलेला मासा बाजारात येऊ लागला की काही वर्षांत त्या जातीचा दुष्काळ पडतो, हे यामागचे साधे गणित आहे. केरळने २०१५ मध्येच हा मार्ग धरला होता. आता अंधेरी किंवा घाटकोपरच्या बाजारात रविवारी सकाळी मासे घेणाऱ्या किती गृहिणींना आणि गृहस्थांना हे आकडे ठाऊक आहेत? पाटीमागे बसलेल्या कोळिणीला तरी ते कोणी छापून दिले आहेत काय? लहान पापलेट स्वस्त मिळाले म्हणून आनंदाने घरी नेणारा ग्राहक स्वतःच्याच नातवंडांच्या ताटातला मासा संपवीत असतो, आणि हे त्याला सांगण्याची तसदी कोणी घेतलेली नसते. घरचा वाटेल तेवढा कडक शाकाहारी वाचकही यात अगदीच परका नाही. किनाऱ्यावरच्या हजारो हिंदू कुटुंबांची चूल या माशावर पेटते.

मासा कोठे सापडेल हे सांगण्याची व्यवस्था मात्र देशाने उत्तम उभी केली आहे. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही केंद्र शासनाची संस्था उपग्रहांकडून समुद्राचे तापमान आणि पाण्याचा रंग टिपते आणि संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांत देते. भारतीय शास्त्रज्ञांचे हे काम अभिमानास्पद आहे. म्हणजे दिशा, अंतर आणि खोली मच्छीमाराच्या हातातल्या भ्रमणध्वनीपर्यंत पोहोचू शकते. पण तेथे कोणते जाळे चालते, कोणती हद्द ओलांडली की गुन्हा होतो, कोणाचा परवाना लागतो, हे त्याच सहजतेने पोहोचत नाही. अंतराळातून मासा दिसतो आणि मंत्रालयातून नियम दिसत नाही, असा हा प्रकार आहे.

उपनगराच्या पूर्वेकडची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. भांडुप, कांजूर, मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर या वस्त्यांची पाठ ठाणे खाडीला लागलेली आहे. या खाडीच्या पश्चिम भागातील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. रोहित पक्षी टिकले पाहिजेत, कांदळवन टिकले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. सृष्टीतील प्रत्येक जीवाचा वाटा मानणाऱ्या संस्कृतीला हे शिकवावे लागत नाही. परंतु जमिनीवरच्या जंगलाला कुंपण तरी घालता येते. पाण्यावरची हद्द डोळ्यांना दिसत नाही. राजपत्रात ती अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत असते. पहाटेच्या भरतीला होडी लोटणारा कोळी कोणत्या ओंडक्यापाशी, कोणत्या खांबापाशी अभयारण्यात शिरतो, हे त्याला कोण दाखवणार? प्रादेशिक पाण्याचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेचे हित जपावे, अशी अट वन्यजीव कायद्यातच आहे. आपल्याला असे संरक्षण आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो ते मागणार कसा?

हीच गोष्ट तलावांची. उपनगरात इंग्रजी अमदानीत तीन मोठे तलाव बांधले गेले. विहार १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९१ च्या सुमारास. पहिले दोन पिण्याच्या पाण्याचे, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतले, त्यामुळे तेथे मज्जाव समजण्यासारखा आहे. पवईत गळ टाकून मासे धरण्याचा हक्क महापालिकेने दीर्घकाळ एका अँगलिंग असोसिएशनकडे भाडेपट्ट्याने दिलेला. काठावर राहणाऱ्या नागरिकाला या कराराच्या अटी काय, बाहेरच्याला परवाना मिळतो काय, काठाचा कोणता भाग सर्वांना खुला, हे सहज कळावे अशी अपेक्षा फार मोठी नाही. त्याच काठावर सायकल मार्ग बांधण्याचा घाट घातला गेला आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्यास सांगितले, तेव्हा कोठे अनेक पवईकरांना आपल्या तलावाला काही कायदेशीर कवच आहे याचा पत्ता लागला. न्यायालयात जाणारे मूठभर असतात. माहितीच्या अभावी गप्प बसणारे हजारो असतात.

पश्चिम किनाऱ्यावर वाट हाच वादाचा विषय आहे. बोरिवलीचे एखादे कुटुंब सुट्टीच्या दिवशी तरीतून गोराईला जाते, मालाडचे मार्व्याहून मनोरीला. तेथे उतरल्यावर हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या भिंतींमधून समुद्राकडे जाण्याचा रस्ता शोधावा लागतो. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेनेच दोन किनारी हॉटेलांमध्ये लोकांच्या जाण्यायेण्यासाठी किमान वीस मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवावी असे सांगितले होते. हा नियम ठाऊक असलेला पर्यटक लाखांत एखादाच निघेल. न्यायसंस्थेने तर याहून पुढे जाऊन, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये, नद्या, किनारे आणि वाहते पाणी यांचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, असा निर्वाळा दिला. विश्वस्ताने हिशेब उघडा ठेवायचा असतो, हे कोणत्याही देवस्थानाच्या साध्या सभासदालाही कळते.

जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्राने हा हिशेब उघडा केला आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला आणि तलाठ्याच्या मागे फिरण्याचा शेतकऱ्याचा कितीतरी त्रास वाचला. शहरात मिळकत पत्रिका संगणकावर दिसते. गट नंबर टाकला की मालक, क्षेत्र, बोजा समोर येतो. पाण्याला असा सातबारा नाही. वेसावे-मढ खाडीचेच उदाहरण घ्यावे. मासेमारीचे नियम मत्स्यव्यवसाय खात्याकडे, तरीचे आणि जेट्टीचे काम सागरी मंडळाकडे, काठावरची कांदळवने वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, किनाऱ्याची जमीन उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे, खाडीत येणारे नाले महापालिकेकडे, भरतीरेषेचे नकाशे किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आणि गस्त पोलिसांकडे. पाणी एकच, पण सात दारे. प्रत्येक दारावर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ ही पाटी कायमची लटकलेली.

या विखुरलेपणाची किंमत कोण मोजतो, हे वरळीने दाखवून दिले. किनारी रस्त्याच्या आराखड्यात क्लीव्हलँड बंदराजवळच्या दोन खांबांमध्ये साठ मीटरचे अंतर धरले होते. लाटांच्या माऱ्यात तेवढ्या फटीतून होडी काढणे धोक्याचे आहे, असे वरळीचे मच्छीमार सांगत राहिले. प्रदीर्घ संघर्षानंतर २०२२ च्या अखेरीस शासनाने एकशेवीस मीटरचे अंतर मान्य केले. मच्छीमारांची ये-जा करण्याची जलवाट जर आधीच एखाद्या शासकीय नकाशावर सर्वांना दिसेल अशी नोंदलेली असती, तर आराखडा काढणाऱ्या अभियंत्यालाच ती पहिल्या दिवशी दिसली असती. आता समुद्रावरचे पूल आणि रस्ते वांद्र्याहून वेसाव्याकडे आणि वेसाव्याहून भाईंदरकडे सरकत आहेत. खारदांडा, जुहूचे मोरागाव, वेसावे, मढ, चारकोप यांच्या जलवाटा कोणत्या नकाशावर आहेत? होड्या ओढण्याच्या, जाळी दुरुस्त करण्याच्या, बोंबील वाळवण्याच्या जागा किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांत नीट आलेल्या नाहीत, कोळीवाड्यांच्या हद्दी अपुऱ्या आहेत, ही तक्रार मच्छीमार संघटनांनी वारंवार केली आहे. विकासाला विरोध हा या तक्रारीचा हेतू नाही. नोंद नसलेल्या हक्काला भरपाईही मिळत नाही, हा त्यांचा अनुभव आहे.

नियम लोकांसमोर ठेवण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून उसनी घ्यावी लागते, असा एक समज सुशिक्षितांत आहे. न्यूझीलंडच्या शासनाने मासेमारीचे नियम भ्रमणध्वनीवर आणले असून संपर्काच्या कक्षेबाहेरही ते उघडतात. कॅलिफोर्नियात १९७६ च्या किनारा कायद्यानंतर तेथील किनारा आयोगाने समुद्राकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटांची मार्गदर्शिकाच छापली. ही उदाहरणे जरूर घ्यावीत. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्ष या अधिकाऱ्याचे सबंध प्रकरण आहे. त्यात तरीचे दर आहेत, मच्छीमाराने द्यायचा सहावा हिस्सा आहे, आणि वृद्ध, बालक, रुग्ण व गर्भवती यांना तर माफ असल्याची नोंदही आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कोणत्या दिवशी मासे मारू नयेत आणि विकू नयेत, याची यादी दगडात कोरलेली आहे, तीही लोकांच्या प्राकृत भाषेत. त्याच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा बोरिवलीपासून काही स्थानके पलीकडे, सोपाऱ्यात, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा राजा आपला आदेश वर्दळीच्या बंदरात, सर्वांना समजेल अशा बोलीत कोरून ठेवत होता. आजचा शासन निर्णय मात्र बहुधा इंग्रजी वळणाच्या मराठीत, छायांकित प्रतीच्या धारिकेत, शोधूनही न सापडणाऱ्या कोपऱ्यात पडून राहतो.

मराठीचा मुद्दा येथे भावनेचा नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सर्वत्र पेढे वाटले गेले. पण किनाऱ्याचे नकाशे, सागरी अधिसूचना आणि पर्यावरण परवान्यांच्या अटी ज्यांच्या जगण्यावर परिणाम करतात, त्यांना त्या इंग्रजीतून वाचायला लावायच्या आणि भाषेचा गौरव सभागृहात करायचा, हे फार दिवस चालू नये. अभिजात भाषेला भरती-ओहोटीचे, वाव आणि उधाणाचे शब्द कोळ्यांनीच दिले आहेत.

यासाठी नवा कायदा लागत नाही, ही या सगळ्यातली दिलासा देणारी आणि तितकीच चीड आणणारी बाब. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ म्हटला की लोकांना अर्ज आणि अपील एवढेच आठवते. त्याचे चौथे कलम मात्र सांगते की, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले नियम, कार्यपद्धती, परवाने आणि सवलती मिळालेल्यांचा तपशील न मागता प्रसिद्ध करावा आणि तसे करताना स्थानिक भाषा व त्या भागात परिणामकारक ठरेल असे माध्यम विचारात घ्यावे. त्यासाठी दिलेली एकशेवीस दिवसांची मुदत ऑक्टोबर २००५ मध्येच संपली. म्हणजे ही थकबाकी दोन दशकांची आहे.

अधिकाऱ्यांकडून यावर एक ठरावीक उत्तर येते. कोळी कोठे संकेतस्थळे पाहतो? हे उत्तर ज्यांनी दिले त्यांनी अलीकडे कोळीवाड्यात पाऊल टाकलेले नसावे. वाऱ्याचा अंदाज, लिलावातला भाव, डिझेलचा परतावा हे सर्व तेथे भ्रमणध्वनीवरच पाहिले जाते. केंद्राच्या ‘रिअलक्राफ्ट’ या संगणकीय व्यवस्थेवर नौकांची नोंदणी होते आणि नव्या नियमांनुसार खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या नौकांचा प्रवेशपासही त्याच मार्गाने मिळतो. नौकेची माहिती शासनाला संगणकावर हवी असते. शासनाची माहिती नौकेला संगणकावर मिळण्यात मग अडचण कोणती?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. किनाऱ्यावरच्या उतरण्याच्या जागा, वाटा, जेट्ट्या जाहीर केल्या तर शत्रूचे फावेल, असे म्हटले जाते. या देशाने २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र भोगलेली आहे, त्यामुळे हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. पण त्या रात्री काय घडले ते नीट आठवावे. कराचीहून आलेले दहा अतिरेकी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकले ते तेथल्या कोळी बांधवांनीच. अनोळखी होडी कोणती, हे ओळखीची होडी माहीत असणाऱ्यालाच कळते. शत्रूला नकाशे मिळवण्याचे मार्ग अनेक असतात. मढच्या, गोराईच्या तरुणाला आपल्या बंदरात कोणी, केव्हा, कोणत्या परवान्याने यावे हे ठाऊक असेल, तर तो किनाऱ्याचा बिनपगारी पहारेकरी ठरतो. जानेवारी २०२५ पासून राज्याने समुद्रावर ड्रोनची नजर ठेवली आहे. तिच्या जोडीला माणसाची नजर हवीच.

माहितीच्या अभावाने जीवही जातात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या दिवसांत जुहूच्या समुद्रात चार मुले बुडाली. पुढच्याच महिन्यात मार्व्याच्या खाडीत तीन मुलांचा बळी गेला. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा किती जबर असतो हे कोळ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. मालवणीच्या किंवा अंधेरीच्या चाळीतून पोहायला आलेल्या पोराला ते कोण सांगणार? सगळा दोष फलक नसण्यावर टाकता येणार नाही, घरच्यांचीही जबाबदारी असते. परंतु कोणती जागा पोहण्यास योग्य आणि कोणती जीवघेणी, ही माहिती शाळेतल्या शिक्षकाला तरी एका ठिकाणी मिळायला हवी.

असे काम महापालिकेला जमत नाही असेही नाही. गणेशोत्सवात प्रत्येक प्रभागातील विसर्जनस्थळे, कृत्रिम तलाव, भरती-ओहोटीच्या वेळा, जीवरक्षकांची व्यवस्था, बंद रस्ते हे सारे मराठीत, नकाशासह, वेळेवर लोकांपर्यंत पोहोचते. पोलीस, महापालिका, मंडळे आणि कोळी बांधव एका यादीवर काम करतात. समाजाचा रेटा असला की सातही दारे दहा दिवस एकदम उघडतात. तोच आराखडा उरलेल्या दिवसांसाठी कायम ठेवून त्यात मासेमारीचे नियम, माशांची आकारमाने, अभयारण्याची हद्द, जलवाटा, तरीचे दर आणि समुद्राकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटा भरत नेणे एवढेच उरते.

पुढाकार मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यावा, कारण किनाऱ्याच्या जमिनीचे दप्तर त्यांच्याकडे आहे आणि सातही खात्यांना एका टेबलाशी बोलावण्याचा अधिकारही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीचा दर्जा द्यायचा तर शेतीसारखा उतारा का नको, असे मच्छीमार संस्थांनी विचारायला हरकत नाही. बंदरावरच्या फलकावर तोच मजकूर मोठ्या अक्षरांत रंगवावा, म्हणजे भ्रमणध्वनी न वापरणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाची अडचण होणार नाही. प्रत्येक बदलाखाली तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असावे.

या कामात कार्यकर्त्यांनाही वाटा उचलता येईल. जुन्या जलवाटांची नावे, खडकांची, बंदरांची, वाळवणाच्या मैदानांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे. वस्तीतल्या महाविद्यालयीन मुलांनी सुट्टीत त्यांच्यासोबत बसून ही नावे लिहून घ्यावीत, होडीत बसून जागा पाहाव्यात आणि ती यादी कलम चारचा हवाला देऊन जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर दाखल करावी, पोच घ्यावी. सुरुवात मार्वे, गोराई आणि भांडुप या तीन ठिकाणांपासून करता येईल. तेथे कोळीवाडा, तर किंवा अभयारण्य, आणि लागून शहरी वस्ती, असे सर्व घटक हाकेच्या अंतरावर आहेत.